वाचकांचे प्रश्न : माझ्या एकटीने वस्तू नाकारल्याने कंपनी बदलते का?

कंपन्यांच्या फसव्या दाव्यांविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. कंपनी खरे बोलत नाही किंवा नीट वागत नाही हे कळल्यावर सामान्य ग्राहकाच्या हातात नेमके काय उरते, हे वाचकांना जाणून घ्यायचे आहे. त्या पत्रांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. आशय तोच ठेवून पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : एका कंपनीच्या कारखान्यांत कामगारांना कसे वागवले जाते हे वाचल्यापासून मी तिच्या वस्तू घेणे बंद केले आहे. घरातले म्हणतात, तू एकटीने न घेतल्याने त्यांचे काय बिघडणार? खरेच काही बिघडते का?

आपण कोणाला काही न सांगता वस्तू घेणे थांबवले असेल, तर कंपनीचे काही बिघडत नाही, कारण तिला ते कळतच नाही. विक्रीच्या तक्त्यात आपण दिसता त्या फक्त कमी खपलेल्या एका नगाच्या रूपाने, आणि नग कमी खपण्याची कारणे अनेक असतात. प्रतिस्पर्ध्याने सवलत दिली असेल, दुकानात माल वेळेवर पोहोचला नसेल किंवा लोकांची आवड बदलली असेल. आपल्या नकारामागे कारखान्यातील वागणूक आहे हे त्या तक्त्यात कोठेही लिहिलेले नसते. म्हणून वस्तू नाकारणे आणि नाकारण्याचे कारण कळवणे ही दोन्ही कामे एकत्र केली, तरच त्याला मोहिमेचे स्वरूप येते.

घरातल्यांच्या प्रश्नाला सव्वादोनशे वर्षांहून जुने एक उत्तर आहे. गुलामांचा व्यापार थांबवण्याचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेने एप्रिल १७९१ मध्ये फेटाळला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स यांनी एक पत्रक काढले आणि वेस्ट इंडीज बेटांवर गुलामांच्या श्रमातून तयार होणारी साखर व रम वर्ज्य करण्याचे आवाहन केले. त्या पत्रकात एक हिशेब होता. आठवड्याला ५ पौंड साखर आणि त्या प्रमाणात रम वापरणाऱ्या कुटुंबाने २१ महिने ती सोडली, तर एका माणसाची गुलामगिरी किंवा हत्या टळेल, असे फॉक्स यांनी मांडले. या गणिताच्या अचूकतेविषयी वाद घालता येईल, पण 'मी एकट्याने काय होणार' या प्रश्नाला त्यांनी आकड्यात उत्तर दिले होते, आणि तो आकडा प्रत्येकाला आपल्या घरातील साखरेच्या डब्याशी ताडून पाहता येत होता. ज्या स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता, त्यांच्या हातात घरातली खरेदी होती, आणि त्यांनी ती मोहीम घरोघर नेली. गुलामगिरीविरुद्ध आयुष्य वेचणारे टॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ३ लाख लोकांनी ती साखर सोडली.

त्यानंतर गुलामांचा व्यापार कायद्याने बंद व्हायला १८०७ साल उजाडले आणि ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ मध्ये झाला. या कायद्यांचे सगळे श्रेय साखर सोडणाऱ्यांना देणे बरोबर होणार नाही. गुलामांनी स्वतः केलेले उठाव, संसदेतील वर्षानुवर्षांची झुंज आणि बदलते अर्थकारण यांचाही त्यात वाटा होता. तरीही संसदेने 'नाही' म्हटल्यानंतर तो प्रश्न लोकांच्या जेवणाच्या मेजावर जिवंत राहिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कंपन्या कशाला घाबरतात, याविषयीही थोडे सांगायला हवे. बहिष्काराचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार असे आढळले आहे की, विक्रीत होणारी घट बहुधा फार मोठी नसते. कंपनी वाकते ती मुख्यतः नाव खराब होण्याच्या भीतीने, म्हणजे वर्तमानपत्रांत चर्चा सुरू होते, भागधारक प्रश्न विचारू लागतात आणि चांगली माणसे नोकरीला येईनाशी होतात तेव्हा. ज्याच्या आडनावावरून इंग्रजीत बहिष्काराला 'बॉयकॉट' हा शब्द पडला, तो चार्ल्स बॉयकॉट आयर्लंडमधील मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी, मजुरांनी आणि दुकानदारांनी त्याच्याशी सगळा व्यवहार तोडला. त्याचे पीक काढायला बाहेरून माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणासाठी सैन्य व पोलीस ठेवावे लागले. पीक निघाले, पण त्यावर झालेला खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट होता, आणि वर्ष संपण्याच्या आतच बॉयकॉटला देश सोडून जावे लागले. तेव्हा आपण एकट्या आहात हे खरे असले, तरी एकटीने पत्र पाठवता येते आणि त्या पत्राची प्रत आणखी दहा जणींना देता येते.

प्रश्न : ज्या कंपनीविरुद्ध आम्ही सह्या गोळा केल्या होत्या, तिने आता जाहीर पत्रक काढून 'आम्ही हा विषय अत्यंत गांभीर्याने घेतला आहे' असे म्हटले आहे. मोहीम थांबवावी का?

थांबवू नये. गांभीर्याने घेतले म्हणजे काय केले, केव्हापर्यंत करणार आणि ते झाले की नाही हे कोण पाहणार, या तीन गोष्टी त्या पत्रकात आहेत का ते पाहावे. नसतील, तर तो सारा बोलाचाच भात आहे.

बाळांच्या दूध पावडरीविरुद्धच्या मोहिमेने ही गोष्ट मोठी किंमत देऊन शिकवली. गरीब देशांत नेस्ले व इतर कंपन्या ज्या रीतीने आईच्या दुधाला पर्याय म्हणून पावडर खपवत होत्या, त्याविरुद्ध १९७७ साली अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला. प्रसूतिगृहांत फुकट नमुने दिले जात आणि परिचारिकेसारखा पोशाख केलेल्या विक्रेत्या मातांना सल्ला देत. नमुना संपेपर्यंत आईचे दूध आटलेले असे. मग महागडी पावडर पुरवून पुरवून वापरण्यासाठी ती जास्त पाण्यात कालवली जाई, आणि ते पाणीही पुष्कळदा दूषित असे. या मोहिमेमुळे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने अशा विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता संमत केली. ठरावाच्या बाजूने ११८ देश होते आणि विरोधात फक्त अमेरिका होती. पुढे नेस्लेने ही संहिता पाळण्याचे मान्य केल्यावर १९८४ मध्ये बहिष्कार मागे घेतला गेला, परंतु रुग्णालयांना फुकट पुरवठा चालूच असल्याचे सांगत १९८८ मध्ये तो पुन्हा पुकारावा लागला. पहिल्या माघारीनंतर जे कार्यकर्ते रुग्णालयांच्या साठवणखोल्यांत जाऊन खोकी मोजत राहिले, त्यांच्यामुळेच हे उघड होऊ शकले.

उलट बाजूचे उदाहरणही देतो. नायकीच्या पुरवठादारांच्या कारखान्यांतील हालांविषयी १९९० च्या दशकात सतत आवाज उठत होता. मे १९९८ मध्ये कंपनीचे प्रमुख फिल नाइट यांनी जाहीर भाषणात मान्य केले की, आपल्या कंपनीच्या मालाशी गुलामीच्या तोडीची मजुरी आणि सक्तीचे जादा काम यांचे नाव जोडले गेले आहे. बूट बनवणाऱ्या कारखान्यांत किमान वय १८ करण्याचे आश्वासनही त्यांनी त्याच वेळी दिले. मात्र माझ्या मते खरा बदल २००५ साली झाला. कंपनीने आपल्यासाठी माल बनवणाऱ्या ७०० हून अधिक कारखान्यांची नावे व पत्ते जाहीर केले, आणि त्या दिवसापासून बाहेरच्या माणसाला स्वतः जाऊन खातरजमा करणे शक्य झाले.

प्रश्न : आमच्या गटात एका कंपनीविरुद्धचा संदेश फिरतो आहे. त्यातले काही आकडे मला फुगवलेले वाटतात. पण कंपनी वाईट आहे आणि हेतू चांगला आहे, म्हणून मी काही बोललो नाही. माझे चुकले का?

होय, चुकले. हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार मानतो, कारण ग्राहक चळवळीतील माणसे या विषयावर आपापसांत बोलतात तेवढे उघडपणे लिहीत नाहीत. आपण कंपनीकडे खरेपणा मागतो, तेव्हा आपल्या पदरात असलेले एकमेव भांडवल म्हणजे आपला स्वतःचा खरेपणा. कंपनीकडे वकील असतात, जाहिरातीचे पैसे असतात आणि वाट पाहण्याची ऐपत असते. आपला एक आकडा खोटा निघाला, की उरलेले नऊ खरे आकडे ऐकून घ्यायलाही कोणी थांबत नाही.

१९९५ साली उत्तर समुद्रात काय घडले ते पाहा. ब्रेंट स्पार ही तेल साठवण्याची आणि जहाजांत भरण्याची प्रचंड तरंगती टाकी निकामी झाली होती. ती खोल अटलांटिक महासागरात बुडवण्याचा शेल या तेल कंपनीचा बेत होता आणि ब्रिटिश सरकारने त्याला परवानगीही दिली होती. एप्रिलच्या अखेरीस ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेचे कार्यकर्ते त्या टाकीवर चढून बसले. जर्मनीत लोकांनी शेलच्या पेट्रोल पंपांकडे पाठ फिरवली आणि तेथील विक्री लक्षणीय घटली. अखेर २० जून रोजी शेलने बेत रद्द केला. मोहीम जिंकली होती. पण त्या धामधुमीत ग्रीनपीसने असा दावा केला होता की टाकीत सुमारे ५,५०० टन तेल शिल्लक आहे, आणि तो साफ चुकीचा होता. नमुना टाकीच्या आतून घेतला गेला नव्हता, तो टाकीला जोडलेल्या नळीतून आला होता. प्रत्यक्षात शिल्लक तेल त्या आकड्याच्या अगदी लहान अंशाएवढे निघाले. सप्टेंबरमध्ये ग्रीनपीसने शेलच्या ब्रिटनमधील प्रमुखांना पत्र लिहून या चुकीबद्दल माफी मागितली.

या माफीचे दोन परिणाम झाले आणि दोन्ही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ज्यांना मोहीम मुळातच पसंत नव्हती, त्यांनी 'सगळाच बनाव होता' असा डांगोरा पिटला, आणि आज इतक्या वर्षांनीही ब्रेंट स्पारचे नाव निघाले की मूळ प्रश्नाआधी त्या आकड्याची गोष्ट सांगितली जाते. वास्तविक तेल किती उरले आहे यावर तो वाद अवलंबून नव्हताच. निकामी झालेले अवजड सामान समुद्रात ढकलून मोकळे व्हावे का, हा मूळ प्रश्न होता. तो आकडा सांगितलाच नसता, तरी मोहिमेचे काही अडले नसते. दुसरा परिणाम असा की, माफी स्वतःहून मागितल्यामुळे संस्थेला पुढे उभे राहता आले. उत्तर-पूर्व अटलांटिकच्या किनाऱ्यावरील देशांनी १९९८ मध्ये अशा पोलादी सामानाला समुद्रात टाकून देण्यावर बंदी घालण्याचे ठरवले, आणि त्या टाकीचे तुकडे नॉर्वेतील एका धक्क्याच्या पायात वापरले गेले. चूक कळताच ती कबूल करणे, हेच आपण कंपनीकडे मागत असतो. ते आपण आधी करून दाखवले, तर मागण्याला वजन येते.

शब्दांच्या बाबतीतही हेच लागू पडते. वर ज्या दूध पावडरीच्या प्रकरणाचा उल्लेख केला, त्याची एक आधीची कडी स्वित्झर्लंडमध्ये आहे. १९७४ साली बर्न येथील एका लहान गटाने ब्रिटनमध्ये निघालेल्या अहवालाचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध केला आणि त्याला 'नेस्ले बाळांना मारते' असे शीर्षक दिले. कंपनीने बदनामीचा खटला भरला. १९७६ च्या निकालात न्यायालयाने शीर्षक बदनामीकारक ठरवले, कारण बाळे दगावली तरी कंपनीने ती मारली असे कायद्याच्या अर्थाने म्हणता येत नव्हते, आणि गटातील लोकांना प्रत्येकी ३०० फ्रँकचा किरकोळ दंड केला. त्याच वेळी न्यायाधीशांनी कंपनीलाही आपल्या जाहिरातीच्या पद्धतींचा मुळापासून विचार करावा असे सुनावले. आतील मजकूर टिकला आणि वरचे तीन शब्द कोसळले. क्षोभाच्या भरात शीर्षक लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण जवळ ठेवावे असे मला वाटते.

याचा अर्थ भीतीने गप्प बसावे असा मुळीच नाही. लंडनमध्ये हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस या दोघांवर एका पत्रकाबद्दल मॅकडोनाल्ड्सने खटला भरला. वकिलासाठी सरकारी मदत न मिळाल्याने त्यांनी तो बहुतांशी स्वतःच लढवला. १९९७ च्या निकालात पत्रकातील काही विधाने खोटी ठरली आणि काही खरी ठरली. खऱ्या ठरलेल्यांत जाहिरातींतून मुलांचा गैरफायदा घेतला जातो हे विधानही होते. पुढे २००५ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्या दोघांना न्याय्य सुनावणी मिळाली नव्हती असा निर्णय दिला. एवढी वर्षे ते टिकून राहिले, कारण आपले कोणते वाक्य कोणत्या पुराव्यावर उभे आहे हे शोधून मांडण्याचे कष्ट त्यांनी घेतले.

आपल्या गटात आता एवढेच करावे: ज्या आकड्यांची शंका आहे ते कोठून घेतले असे नम्रपणे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत तो संदेश पुढे पाठवू नये. ज्याचा उगम सापडत नाही तो आकडा सरळ वगळावा. बहुतेक वेळा असे दिसते की, तो वगळल्याने मूळ तक्रार अधिक ठसठशीत होते.

प्रश्न : बहिष्काराने कारखाना बंद पडला तर तेथील मजुरांचीच रोजी जाते. मग आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देत नाही का?

ही भीती रास्त आहे आणि ती प्रत्यक्षात खरी ठरल्याचे उदाहरण आहे. बालमजुरांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांनी १९९२ मध्ये मांडले. ते कधीच संमत झाले नाही, पण नुसत्या धास्तीने बांगलादेशातील कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलांना एकाएकी कामावरून काढून टाकले. त्यांच्यासाठी शाळा तयार नव्हत्या. नंतर पाहणी करणाऱ्यांना त्यातील अनेक मुले खडी फोडण्यासारख्या अधिक घातक कामांवर आढळली. १९९५ साली कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. शाळेत सोय झाल्याशिवाय मुलाला काढायचे नाही आणि शाळेत जाणाऱ्याला काही रक्कम द्यायची, असे त्यात ठरले. मागणीचा हेतू पहिल्यापासून तोच होता, पण मुलाचे पुढे काय हे वाक्य तिच्यात लिहायचे राहून गेले होते.

म्हणून कोणत्याही मोहिमेत उतरण्याआधी मी एक गोष्ट विचारतो: ज्यांच्यासाठी हे चालले आहे, त्यांनी स्वतः काय मागितले आहे? कॅलिफोर्नियातील डेलानो येथे १९६५ साली द्राक्षमळ्यांतील मजुरांनी संप केला. तो फिलिपिनो मजुरांनी सुरू केला, सेझार चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांची संघटना त्यात सामील झाली, आणि 'आमची द्राक्षे घेऊ नका' असे आवाहन मजुरांनीच देशभर केले. १९७० मध्ये मळेवाल्यांनी करार केले. तेथे ग्राहकाने न घेणे हीच मजुरांची मागणी होती.

ढाक्याजवळच्या सावर येथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळली तेव्हा मागणी वेगळी होती. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरील बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली, पण वरच्या कारखान्यांतील कामगारांना दुसऱ्या दिवशी आत पाठवले गेले. ११०० हून अधिक माणसे मेली. आपला माल तेथे शिवला जात असल्याचे सांगायला बड्या कंपन्या लगेच पुढे आल्या नाहीत. ढिगाऱ्यातून निघालेल्या कपड्यांवरच्या लेबलांवरून आणि मागणीपत्रांच्या कागदांवरून कार्यकर्त्यांना ते सिद्ध करावे लागले. त्या वेळी कामगार चळवळीतील अनेकांनी परदेशी ग्राहकांना कळवले की, आमच्याकडून कपडे घेणे थांबवू नका, इमारती सुरक्षित करायला कंपन्यांना भाग पाडा. लाखो लोकांनी सह्या केल्या आणि मे महिन्यात कामगार संघटना व कंपन्या यांच्यात कायद्याने बंधनकारक असा सुरक्षा करार झाला. २०० हून अधिक कंपन्या त्यात आल्या. दीड हजाराहून अधिक कारखान्यांची तपासणी स्वतंत्र अभियंत्यांनी केली आणि त्यांचे अहवाल कोणालाही वाचता येतील असे ठेवले गेले. करार मोडणाऱ्या कंपनीला लवादापुढे खेचता येत होते, आणि संघटनांनी तसे खेचलेही. त्यातील एका प्रकरणात २०१८ साली कंपनीला २० लाख डॉलरहून अधिक रक्कम मान्य करावी लागली. कंपन्यांच्या स्वयंस्फूर्त आश्वासनांचे ढीग त्याआधीही होते, पण 'न पाळल्यास काय' याचे उत्तर त्यांच्यात नव्हते.

प्रश्न : प्रमाणपत्राचे चिन्ह असलेली किंवा 'पर्यावरणस्नेही' लिहिलेली वस्तू निर्धास्तपणे घ्यावी का?

निर्धास्तपणे घेऊ नये. कराचीतील एका कपड्यांच्या कारखान्याला सप्टेंबर २०१२ मध्ये आग लागून २५० हून अधिक कामगार मरण पावले. त्याला सुरक्षित व न्याय्य कामाच्या मानकाचे प्रमाणपत्र जेमतेम काही आठवड्यांपूर्वी मिळाले होते. फोक्सवॅगनच्या 'स्वच्छ' म्हणून खपवल्या गेलेल्या डिझेल मोटारींत अशी आज्ञावली बसवलेली होती की, चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी व्हावे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी मोटार प्रयोगशाळेतून बाहेर काढून रस्त्यावर चालवली तेव्हा फरक दिसला, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये प्रकरण उघड झाले. अशा मोटारी जगभरात सुमारे १ कोटी १० लाख होत्या.

चिन्ह दिसले की त्यासाठी पैसे कोण देतो, तपासनीस न कळवता जातो का आणि अहवाल वाचायला मिळतो का, हे विचारावे. साखरेच्या बहिष्काराच्या दुसऱ्या पर्वात, म्हणजे १८२० च्या दशकात, इंग्लंडमध्ये साखरेची अशी भांडी मिळत ज्यांच्यावर 'पूर्वेकडील साखर, गुलामांनी न पिकवलेली' अशा आशयाचा मजकूर असे. ती साखर ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखातून येई, आणि त्या मुलखात गुलामगिरीला असलेली कायद्याची मान्यता १८४३ च्या कायद्याने काढून घेतली गेली. ते भांडे विकत घेणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता, पण भांड्यावरचा मजकूर कोणीही जाऊन तपासलेला नव्हता.

प्रश्न : किंमत तीच ठेवून वेष्टनातील माल गुपचूप कमी केला जातो. वजन छापलेले असते, म्हणून कायद्याने फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. अशा वेळी कंपनीला काय आणि कसे लिहावे?

हे लिहिताना माझ्यासमोर शाम्पूच्या दोन बाटल्या आहेत. दोन्हींची उंची सारखी आहे, रंग तोच आहे आणि झाकणही तेच आहे. जुनीत ४०० मिलिलिटर माल होता आणि नवीत ३६० आहे. नवी उलटी केली की तळ अंगठा बसेल इतका आत ढकललेला दिसतो. जुन्या बाटलीवर मिलिलिटरचा आकडा पुढे, नावाच्या खाली होता. नवीवर तो मागे, बारीक अक्षरांच्या शेवटच्या ओळीत गेला आहे, आणि त्याच्या मूळ जागी 'आता नवे, अधिक प्रभावी' असे शब्द आले आहेत. किंमत तीच असल्याने प्रत्येक मिलिलिटरमागे आपण ११ टक्क्यांहून थोडे अधिक मोजतो. यात एकही अक्षर खोटे नाही, तरीही ग्राहकाला कळू नये एवढ्याचसाठी आकड्याची जागा बदलली आहे, आणि मी याला अप्रामाणिकपणाच म्हणतो.

फ्रान्समध्ये या प्रकाराविरुद्ध ग्राहकांनी आवाज उठवल्यावर कारफूर या दुकानसाखळीने सप्टेंबर २०२३ मध्ये अशा वस्तूंजवळ 'माल घटला, दर वाढला' या अर्थाच्या पाट्या लावल्या. १ जुलै २०२४ पासून तेथील मोठ्या दुकानांना असा बदल झाल्यावर दोन महिने तशी सूचना लावणे बंधनकारक झाले आहे. लोकांनी मागितले ते अगदी थोडके होते: माल कमी करायचा तर करा, पण सांगून करा.

पत्र लिहिताना मागणी अशीच एका वाक्यात बसेल इतकी लहान ठेवावी. फ्लोरिडातील इमोकली येथील टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांनी २००१ साली टॅको बेल या खाद्यगृहांच्या साखळीवर बहिष्कार पुकारला. प्रत्येक पौंडामागे एक सेंट जास्त द्या आणि तो थेट मजुराला मिळू द्या, हे त्यांच्या मागणीचे मुख्य वाक्य होते. चार वर्षांनी कंपनीने ते मान्य केले. एक सेंट दिला की नाही, हे कोणालाही मोजता येते. 'कंपनीने नैतिकतेने वागावे' अशी मागणी केली, तर तिची पूर्तता झाली की नाही हे ठरवायचे कोणी?

मी स्वतः पाठवलेल्या पत्रात दोन्ही बाटल्यांची छायाचित्रे, तळाचे वेगळे छायाचित्र, खरेदीच्या तारखा आणि बाटलीवरचे उत्पादन क्रमांक दिले होते. आरोप एकही नव्हता. शेवटी एकच प्रश्न होता: घटवलेले प्रमाण पुढच्या बाजूला, पूर्वीच्याच जागी आणि पूर्वीच्याच आकाराच्या अक्षरांत आपण केव्हापासून छापणार? पहिले उत्तर आले त्यात माझे मत त्यांच्यासाठी अमूल्य असल्याचे लिहिले होते आणि प्रश्नाला स्पर्शही नव्हता. मी तेच पत्र, त्यांचे उत्तर जोडून, पुन्हा पाठवले आणि आपला प्रश्न अनुत्तरित राहिला आहे एवढेच वर लिहिले. दुसऱ्या उत्तरात ग्राहक सेवा क्रमांकावर बोलावे अशी सूचना आली. तिसऱ्या वेळी परिचयातील २३ जणांनी आपापल्या बाटल्यांच्या छायाचित्रांसह तोच प्रश्न आपापल्या नावाने पाठवला. त्यानंतर आलेल्या पत्रावर प्रथमच एका जबाबदार अधिकाऱ्याची सही होती. प्रमाण कमी केल्याचे त्यात स्पष्ट मान्य केले होते आणि पुढच्या छपाईपासून आकडा समोर आणू असे लिहिले होते, मात्र तारीख दिलेली नव्हती.

तारीख विचारणारे चौथे पत्र या आठवड्यात गेले आहे. नव्या छपाईची बाटली कोणा वाचकाच्या हाती लागली, तर पुढच्या व मागच्या बाजूचे छायाचित्र या सदराकडे अवश्य पाठवावे.